वयात येणाऱ्या मुली आणि आपले मौन

(संस्थेच्या पालक-विद्यार्थिनी मेळाव्यात केलेले भाषण)





मुलींच्या मासिक पाळीविषयी आणि तिच्याबद्दलच्या समजुतींविषयी बोलावे, असे संस्थेने कळविले, तेव्हा मी एकच अट घातली. भाषण नुसत्या आयांपुढे नको. वडीलही हजर पाहिजेत आणि ते मध्येच उठून जाता कामा नयेत. संयोजकांनी थोडी कुरकुर केली, पण मान्य केले. आज पुढच्या रांगांत वडील मंडळी बसलेली आहेत. त्यांतले काही माझ्याकडे न पाहता वरच्या पंख्याकडे पाहत आहेत. हरकत नाही. कान इकडे असले म्हणजे झाले.

मी डॉक्टर नाही आणि आलिमाही नाही. या जिल्ह्यातल्या शाळांत सव्वीस वर्षे शास्त्र शिकवून निवृत्त झालेली एक शिक्षिका आहे. या विषयाची माझी पहिली ओळख पुस्तकातून झाली नाही, हजेरीपटावरून झाली. पाचवीपर्यंत मुली रोज शाळेत येतात. सहावी-सातवीपासून काही नावांपुढे दर महिन्याला तीन-चार दिवस गैरहजेरीच्या खुणा दिसू लागतात. कारण विचारावे तर ‘पोट दुखत होते’, ‘पाहुणे आले होते’, ‘ताप होता’. चिठ्ठी बहुधा वडिलांच्या अक्षरात असते, आणि ती लिहिताना खरे कारण त्यांनाही सांगितलेले नसते. पुढे एखाद्या वर्षी जूनमध्ये ते नावच हजेरीपटातून नाहीसे होते. चौकशी केली की उत्तर मिळते, ‘बाई, आता ती मोठी झाली.’

मोठी झाली म्हणजे बारा-तेरा वर्षांची झाली. आपल्या बोलीत या गोष्टीसाठी शब्दांची काही टंचाई नाही. न्हाण आले, पदर आला, शहाणी झाली, वयात आली. आणि नंतर दर महिन्याला बाजूला बसली, बाहेरची झाली, कावळा शिवला, अडचण आहे. आपल्या घरांतून ‘नमाज माफ आहे’ असे म्हणतात. इतके शब्द आहेत, पण ज्या मुलीच्या शरीरात हे घडणार आहे तिला आधीच जवळ बसवून, काय होणार आहे, का होणार आहे आणि झाले तर काय करायचे, हे सांगणारे एक वाक्य बहुतेक घरांत कोणी बोलत नाही. ती परसात खेळत असते, शाळेत बाकावर बसलेली असते, आणि कपड्यावर रक्त दिसते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत मला कोपऱ्यात नेऊन विचारले होते, ‘बाई, माझ्या अम्मीला सांगू नका, पण मी आता किती दिवस जगेन?’ तिला वाटले होते, पोटात काहीतरी फुटले.

आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमात ऋतुचक्राचा धडा आहे, नाही असे नाही. तो दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात आहे. पाळी येते बाराव्या-तेराव्या वर्षी आणि धडा येतो पंधराव्या. मधली तीन वर्षे मुलीने काय समजून काढायची? आणि धडा आल्यावर तरी काय होते? मिश्र वर्ग असला की कित्येक शिक्षक म्हणतात, ‘हे घरी वाचून घ्या.’ घरी म्हणतात, ‘शाळेत सांगतील.’ अशी ही टोलवाटोलवी चालते, आणि मुलगी आपली मैत्रिणीच्या मैत्रिणीने सांगितलेल्या अर्धवट गोष्टींवर शहाणी होते.

या न सांगण्याची किंमत कुठवर जाऊ शकते, याची एक गोष्ट सांगते. गोष्ट कसली, बातमीच आहे. मे २०२३ मध्ये उल्हासनगरात एका बारा वर्षांच्या मुलीला पहिली पाळी आली. कपड्यावरचे डाग तिच्या मोठ्या भावाने पाहिले आणि त्याने भलताच संशय घेतला. हे रक्त कशाचे, असे तो तिला विचारत राहिला. तिला सांगता आले नाही, कारण तिलाच माहीत नव्हते. भावाने तिला मारहाण केली आणि त्या मारहाणीत ती मुलगी मेली. मी तिचे नाव घेत नाही. तिचा धर्म, जात काय होती हेही इथे विचारण्याचे कारण नाही. मला एवढेच दिसते की त्या घरात दोन माणसांना एक साधी गोष्ट माहीत असती, बहिणीला आणि भावालाही, तर ती मुलगी आज शाळेत असती. म्हणून मी वडिलांना आणि भावांना इथे बसवून घेतले आहे.

बरे, अज्ञान केवळ अशिक्षितांत असते असेही समजू नका. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग सापडले, तर कोणाला पाळी आली आहे हे शोधण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून तपासणी करण्यात आली. पालकांनी आवाज उठविला आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. पदव्या घेतलेल्या बायकांनी हे केले. डाग पडला होता, तर तो पाण्याने धुवून काढता आला असता.

आता शास्त्राचे थोडक्यात सांगते. विद्यार्थिनींनो, लक्ष द्या, आणि मुलांनीही द्यावे. स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशय नावाची पिशवी असते. दर महिन्याला ती आतून एक मऊ, रक्ताने भरलेले अस्तर तयार करते. पुढेमागे बाळ राहिले तर त्याची गादी म्हणून ही तयारी. बाळ राहिले नाही की त्या अस्तराचे काम संपते, ते सुटते आणि थोड्या रक्ताबरोबर बाहेर येते. एवढेच. ही शरीरात साठलेली घाण नव्हे, की कोणत्या पापाची शिक्षा नव्हे. दोन ते सात दिवस स्राव चालतो. एका पाळीत जाणारे रक्त साधारण तीस-चाळीस मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे; भीतीपोटी मुलींना ते तांब्याभर वाटते. अठ्ठावीस दिवसांचा हिशेब पुस्तकात असतो, पण सुरुवातीची एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

समजुतींकडे वळू. माझ्या विद्यार्थिनींना मी एकदा कोरे कागद वाटले आणि सांगितले, नाव घालू नका, पण ‘त्या’ दिवसांत घरी तुम्हाला काय काय करू देत नाहीत ते लिहा. लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, पापड-कुरडयांच्या वाळवणाजवळ जायचे नाही, डोक्यावरून अंघोळ करायची नाही, दही आणि आंबट खायचे नाही, मेंदी लावायची नाही, नियाज-फातिहाच्या स्वयंपाकाला शिवायचे नाही, उरुसाला दर्ग्यात जायचे नाही, बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही, फुलझाडाला पाणी घालायचे नाही. हे कागद वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. शेजारच्या मराठा, माळी, ब्राह्मण घरांतल्या मुलींनी लिहिले असते तर यादी फारशी वेगळी झाली नसती. तिथे देवघर आणि तुळस आली असती, इथे दर्गा आणि नियाज. पिढ्यान् पिढ्या एकाच गल्लीत राहिलो, एकाच आडावर पाणी भरले. भाषा घेतली, भाकरी घेतली, तसा विटाळही घेतला. पण विचारले की आपल्या आया सांगतात, ‘हे आपल्या मजहबात आहे.’ तिथे मी जरा थांबते.

आधी लोणच्याचे निकालात काढू, कारण त्यावर बायकांचा फार भरवसा. लोणचे नासते ते बुरशीने. कैरीच्या फोडी ओल्या राहिल्या, मीठ कमी पडले, तेल फोडींच्या वर आले नाही किंवा ओला चमचा बरणीत गेला, की बुरशी धरते. मग तो चमचा कोणाच्याही हातात असो. सासूच्या हातूनही लोणचे नासते, पण त्या वर्षी कोणी तिला काही विचारत नाही! आता या समजुतीला केवळ आपल्याच बायका बळी पडल्या असे नाही. व्हिएन्नातले बेला शिक हे नामांकित बालरोगतज्ज्ञ. पाळी चालू असलेल्या मोलकरणीने हाताळलेली फुले कोमेजली, असे पाहून त्यांनी १९२० साली प्रतिपादन केले की अशा स्त्रीच्या शरीरातून एक विष पाझरते. त्यावर डॉक्टरांत पुढे कित्येक वर्षे चर्चा चालली. विष काही सापडले नाही. फुले कोमेजण्यासाठीच असतात. एवढा मोठा वैद्य फसला, तर आपल्या दादी-नानीला हसण्याचे मला कारण दिसत नाही. मात्र आता कळल्यावरही तेच चालवायचे, याला माझी हरकत आहे.

आता धर्माचे. मी आलिमा नाही हे पुन्हा सांगते, आणि कुराणशरीफला हात लावणे, पाठ म्हणणे अशा बारीक मसल्यांवर उलेमांची जी मते आहेत ती त्यांनाच विचारावीत. परंतु ज्या गोष्टी सर्वांना मान्य आहेत त्या तरी आपण नीट वाचतो का? त्या दिवसांत नमाज माफ आहे आणि ती नंतर भरून काढायची नाही. रोजे ठेवायचे नाहीत, ते पुढे सवडीने ठेवायचे. पती-पत्नींचा शरीरसंबंध नाही. पाळी संपल्यावर गुस्ल. यात स्वयंपाकघर कुठे आले? वेगळी ताटली, वेगळी चटई, बाहेरची ओसरी कुठे आली?

मदिनेत त्या काळी काही घरांत अशा स्त्रीबरोबर जेवत नसत, एका छपराखाली राहत नसत. लोकांनी पैगंबर साहेबांना त्याबद्दल विचारले, तेव्हा शरीरसंबंध सोडून बाकी सगळे नेहमीसारखे करा, असे त्यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये नमूद आहे. हजरत आयशा त्या दिवसांत ज्या भांड्यातून पाणी पीत, त्याच भांड्याला त्याच जागी ओठ लावून पैगंबर साहेब पाणी पीत. त्या अशा असताना त्यांच्या मांडीवर डोके ठेवून ते कुराण पठण करीत. एकदा त्यांनी मशिदीतली चटई द्यायला सांगितली. आयशा म्हणाल्या, मला पाळी आहे. त्यावर, ती काही तुझ्या हातात नाही, अशा अर्थाचे त्यांनी उत्तर दिले. आणि हजच्या वाटेवर पाळी आल्यामुळे आयशा रडू लागल्या, तेव्हा ही गोष्ट अल्लाहने आदमच्या लेकींसाठी लिहून ठेवलेली आहे, असे सांगून त्यांची समजूत घातली आणि तवाफ सोडून हजचे बाकी सर्व विधी करायला सांगितले. हे सगळे बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे. मी इथे काही नवीन काढलेले नाही.

‘माफ’ या शब्दाकडे जरा पाहा. थकलेल्या माणसाला काम माफ करतात, आजाऱ्याला माफ करतात. माफी ही सवलत असते. आपण तिची शिक्षा केली.

याचा सर्वांत केविलवाणा प्रकार रमजानमध्ये दिसतो. रोजा नसलेल्या मुलीने खावे-प्यावे, यावर कोणाचीही हरकत नाही. तरी आपल्या घरात काय चालते? ती पहाटे सर्वांबरोबर सहरीला उठते, नाहीतर भाऊ विचारील. दिवसभर रोजा असल्याचे सोंग करते. मोरीत जाऊन पाण्याचे चार घोट घेते. स्वयंपाकघराचे दार लोटून, भिंतीकडे तोंड करून शिळ्या भाकरीचा तुकडा खाते. पावलांचा आवाज आला की घास तसाच गिळते. संध्याकाळी इफ्तारला सर्वांबरोबर खजूर उचलते. मी शाळेत पाहिले आहे. एप्रिल-मेचा रमजान, नगरचे ऊन, अंगावरून रक्त जाते आहे, आणि मुलगी तहानेने व्याकूळ होऊन बाकावर डोके टेकून बसली आहे. ‘पाणी पी’ म्हटले तर वर्गातल्या मुलांकडे पाहून मान हलवते. ज्या धर्माने तिला प्यायला सांगितले, त्याच धर्माच्या नावाने तिला तहानलेले ठेवणारे आपण कोण? अब्बाजान, तुम्ही घरात एकदा सर्वांच्या देखत म्हणालात, ‘जिला रोजा नाही तिने दुपारी नीट जेवावे, कोणी विचारणार नाही’, तर तुमचे काय जाते?

अन्सार बायकांची तारीफ करताना हजरत आयशा म्हणाल्या होत्या की लाजेपायी त्या दीन समजून घ्यायच्या राहिल्या नाहीत. त्या बायका थेट पैगंबर साहेबांना पाळीच्या गुस्लविषयी विचारायला येत. आणि आपल्या मुली विज्ञानाच्या बाईंना विचारायलाही घाबरतात!

विटाळाला विरोध हाही या मातीला नवा नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या पंथात स्त्रियांना सामावून घेतले आणि त्यांचा विटाळ मानला नाही. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी विटाळावरच अभंग रचला आणि विचारले की ज्या देहातून सगळे जन्मले त्याच देहाला विटाळ कसा चिकटवता. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांच्या घरातल्या स्त्रीने हे विचारावे, यात मोठे बळ आहे. शेकडो वर्षे झाली. तरी आपल्याच राज्यात गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांसाठी गावाच्या कडेला ‘कुरमा घर’ नावाची झोपडी असते. अलीकडे काही ठिकाणी तिथे पक्क्या, पाण्याची सोय असलेल्या खोल्या बांधल्या गेल्या. कोणी म्हणेल, निदान सोय तरी झाली. मला मात्र पक्क्या भिंतींचे फार कौतुक वाटत नाही.

त्याच गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी डॉक्टरकडून तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. बाकीच्या गप्प होत्या. तेराव्या वर्षी ‘कोणाला सांगू नको’ असे शिकवलेली मुलगी चाळिशीतही कोणाला सांगत नाही, हा त्या आकड्यांचा मला कळलेला अर्थ.

आणखी एक उदाहरण आपल्या दाराशीच आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. फडावर ना पाणी ना आडोसा, आणि एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. पाळी म्हणजे खाडा. म्हणून पंचविशी-तिशीतल्या बायकांनी पिशवीच काढून टाकली. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यामागे गरिबी आहे, मुकादम आहे, पैशाच्या मागे लागलेले काही दवाखाने आहेत. पण ‘ही कटकट एकदाची काढून टाका’ असे जे बायांना वाटते, त्याची सुरुवात कुठे झाली तेही पाहा. आपल्या शरीराची ज्यांना फक्त लाजच शिकवली, त्यांना त्याचा एक भाग कापून टाकताना फारसे काही वाटत नाही.

बदल होत नाही असे मात्र नाही, आणि तोही याच जिल्ह्यात झालेला आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या साध्या बायका, कित्येक तर निरक्षर आणि दलित वस्तीतल्या, निवडून त्यांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो ठाऊक असतो. परंतु मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. बाईचे दुखणे बाईनेच, तिच्याच बोलीत, तिच्याच उंबऱ्यावर बसून विचारले. प्रकल्पाने पुढे किशोरवयीन मुलींचेही गट चालवले. जिला सही करता येत नव्हती ती बाई हे समजावू शकते, तर बी.एड. झालेल्या आम्हाला का जमू नये? आणि शिक्षणाच्या बाबतीत आपल्या शहराची पुण्याई काय सांगावी! मिस सिंथिया फरार यांच्या संस्थेत सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते इथेच. चाँदबीबीही इथलीच. या गावात ‘मोठी झाली’ म्हणून मुलीचे दप्तर खुंटीला लागावे, हे काही शोभत नाही.

दप्तराचा विषय निघाला म्हणून सांगते. पाळी येणे म्हणजे लग्नाला योग्य होणे, हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. म्हणजे पाचातली एक. पाळी सुरू झाली तरी मुलीचे हाड वाढायचे असते, कंबर भरायची असते, अंगात रक्त पुरेसे नसते. त्याच पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. अशा मुलीला बाळंतपणात ढकलणे म्हणजे काय, हे प्रत्येक आईला कळते. वडिलांना कळावे म्हणून मुद्दाम बोलले.

आता थोडे घरगुती. कपडा वापरायला हरकत नाही, बाजारचा पॅडच पाहिजे असे नाही. पण कपडा सुती, स्वच्छ हवा, साबणाने धुवून कडक उन्हात वाळलेला हवा. आपण तो कुठे वाळवतो? परकराखाली, पलंगामागे, अंधारात. दमट फडक्यावर बुरशी धरते आणि मग खाज, जखमा, पांढरे पाणी. नगरला ऊन काय कमी आहे? दोरीवर घाला, वाटल्यास वर पातळ ओढणी टाका. कपडा असो वा पॅड, चार ते सहा तासांनी बदलावा. पॅड संडासात टाकू नये, कागदात गुंडाळून वेगळा द्यावा. पुण्यातल्या कचरावेचक बायकांच्या ‘स्वच्छ’ या संस्थेने २०१७ मध्ये त्या पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम केली होती. आपला कचरा कोणीतरी बाई हाताने निवडते, एवढे त्या ठिपक्यातून कळते. शासनाने २०१८ साली ‘अस्मिता’ योजनेत जिल्हा परिषद शाळांच्या मुलींसाठी आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत आणले. त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटीही रद्द झाला. वस्तू स्वस्त होते, पण दुकानदार ती अजून काळ्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. वडिलांनी एकदा जाऊन साबणासारखी मागून आणावी. दुकानही तिथेच राहते आणि माणूसही.

डोक्यावरून अंघोळ जरूर करावी. दही खावे, लिंबू खावे. बाजरीची भाकरी, मेथी, गूळ-शेंगदाणे आणि घरात शिजत असेल तेव्हा कलेजीचा वाटा आधी मुलीच्या ताटात पडावा, मग भावाच्या. जेवणावर लगेच चहा पिऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुली खिडकीतून फेकतात, हे मला ठाऊक आहे, हसू नका! पोटात कळ आली तर गरम पाण्याची पिशवी शेकावी. खेळाच्या तासाला पळायलाही मनाई नाही. परंतु पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, सात दिवसांपेक्षा जास्त अंगावरून जाते, तासातासाला कपडा भिजतो किंवा दर महिन्याला शाळा बुडावी इतके दुखते, तर अंगारा-धागा-तावीज यांत वेळ न घालवता डॉक्टरकडे न्यावे. ‘लग्न झाले की बरे होईल’ हे औषध कोणत्याही डॉक्टरने लिहून दिलेले मी पाहिलेले नाही.

शाळेकडे आमच्याही काही मागण्या आहेत, पदाधिकारी समोर आहेत म्हणून बोलते. मुलींचे वेगळे स्वच्छतागृह असावे हे शिक्षण हक्क कायद्यात २००९ पासून लिहिलेले आहे. पण दाराला आतून कडी, नळाला पाणी आणि झाकणाची बादली नसेल तर ते स्वच्छतागृह नकाशावरच राहते. एका कपाटात पाच-सहा पॅड आणि एक जादा सलवार ठेवावी, किल्ली बाईंकडे असावी. आणि दहावीच्या धड्याची वाट न पाहता पाचवी-सहावीतल्या मुलींना वर्षाच्या सुरुवातीलाच एक तास बसवून सांगावे. आठवीच्या मुलांचाही एक तास घ्यावा. तो पुरुष शिक्षकाने घेतला तर अधिक बरे.

विद्यार्थिनींनो, बाहेर व्हरांड्यात एक लाकडी पेटी ठेवली आहे. ज्यांना उभे राहून विचारण्याचा धीर होत नाही त्यांनी चिठ्ठी टाकावी. चिठ्ठीवर नाव-इयत्ता लिहू नये. शुक्रवारी जुम्याच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळेत मी आणि एक लेडी डॉक्टर बसणार आहोत, तेव्हा सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून उत्तरे देऊ. आयांनी यावे. वडिलांच्या चिठ्ठ्याही चालतील.